जर्म ट्यूब येत नाही? कॅन्डिडाच्या प्रयोगात या चुका टाळा

कॅन्डिडा अल्बिकन्स ही बुरशी गोल यीस्ट पेशींच्या रूपात वाढते, आणि योग्य इशारे मिळाले की लांब तंतूंचं रूप घेते. सिरममध्ये (रक्तातला पेशी काढलेला द्रव) ३७ अंशांवर दोन-तीन तास ठेवल्यावर पेशीतून जी पहिली नळी फुटते ती जर्म ट्यूब. ती येते का, यावरून बुरशीची जात ओळखायचा हा प्रयोग.

पाठ्यपुस्तकात ‘खोलीचं तापमान’ असं छापलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात २२ ते २५ अंश सेल्सिअस असतं. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. रात्री एसी बंद झाला की लॅबमधलं टेबल पहाटेपर्यंत तापलेलं राहतं. त्यावर ठेवलेल्या कॅन्डिडा अल्बिकन्सच्या कल्चरमध्ये सकाळी गोल यीस्ट पेशींबरोबर लांबट पेशीही दिसू शकतात, आणि मग ज्याच्याशी तुलना करायची तो कंट्रोलच हातचा जातो. म्हणून पहिली सूचना: यीस्ट रूप हवं असेल तर कल्चर इनक्युबेटरमध्ये ३० अंशांवर वाढवा आणि वहीत ‘खोलीचं तापमान’ न लिहिता थर्मामीटरवरचा आकडा लिहा.

विद्यापीठाच्या विज्ञान शाखेत शिकणारी किंवा रावपुरा-दांडिया बाजाराकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारी आपली मुलं-मुली हा प्रयोग करतात, आणि तो फसला की बहुतेक वेळा दोष सिरमला देतात. सिरम क्वचित जुनं असतंही. पण ही बुरशी एकाच इशाऱ्यावर रूप बदलत नाही. तापमान, पीएच, कार्बन डायऑक्साइड, अन्न आणि आजूबाजूची गर्दी हे सगळं ती एकत्र जोखते. प्रयोग बिघडला की आपण नकळत कोणता इशारा दिला, हे आधी शोधायला हवं.

पेशी जास्त घेणं

ही सर्वांत जास्त होणारी चूक. अर्धा मिलिलिटर सिरममध्ये लूपभर (तारेच्या कडीवर मावेल तेवढी) वसाहत ढवळली, दूध घातल्यासारखं पांढरट झालं, तीन तास ठेवलं, आणि स्लाइडवर सगळं गोल. कारण रासायनिक आहे. ही बुरशी फार्नेसॉल नावाचा रेणू बाहेर सोडते. पेशींची स्टेरॉल घडवण्याची जी वाट आहे, तिच्यातल्या फार्नेसिल पायरोफॉस्फेटपासून तो तयार होतो. अल्बिकन्समधली त्याची ही भूमिका २००१ मध्ये समोर आली. गर्दी साधारण दर मिलिलिटरला १० लाख पेशींच्या वर गेली की फार्नेसॉल पुरेसा साठतो आणि तंतू फुटणं थांबवतो. मात्र आधीच फुटलेल्या जर्म ट्यूबची वाढ तो रोखत नाही. त्यामुळे काही पेशींना छान ट्यूब आणि बाकीच्या ठणठणीत गोल, असं मिश्र चित्रही दिसू शकतं.

उपाय सोपा आहे. दर मिलिलिटरला एक ते दहा लाखांच्या आत पेशी ठेवा. न्यूबॉअर चेंबरमध्ये (पेशी मोजायच्या आखीव काचेवर) मोजून घ्या, डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. शिवाय रात्रभराच्या कल्चरमधून पेशी थेट उचलू नका, कारण त्या द्रवात रात्रभराचं फार्नेसॉल असतं. सेंट्रिफ्यूज करून पीबीएसने (मिठाच्या बफर द्रावणाने) दोनदा धुवा, मगच सिरममध्ये सोडा. हे धुणं टाळलं जातं, कारण त्यात वीस-पंचवीस मिनिटं जातात. तीच वीस-पंचवीस मिनिटं पुढे अख्खा दिवस वाचवतात.

३७ अंश म्हणजे काम झालं, असं मानणं

३७ अंश लागतातच, पण एकटे पुरत नाहीत. पेशीत रास-१ हे प्रथिन सायर-१ या ॲडेनिलिल सायक्लेज एन्झाइमला चालना देतं. सायर-१ सीएएमपी हा निरोप्या रेणू बनवतं, त्यामुळे प्रोटीन कायनेज-ए हे एन्झाइम मोकळं होतं आणि ईएफजी-१ सारख्या नियामक प्रथिनांमार्फत तंतूंची जनुकं चालू होतात. दुसरीकडे एनआरजी-१ हे दाबून धरणारं प्रथिन दूर व्हावं लागतं. उष्णतेचं काम या साखळीवरचा एचएसपी-९० या प्रथिनाचा दाब सैल करण्याचं. २००९ मध्ये दाखवलं गेलं की एचएसपी-९० औषधाने निकामी केलं तर कमी तापमानातही तंतू फुटतात.

सिरम काय करतं, हे मला या साऱ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाटतं. जिवाणूंच्या भिंतीतल्या पेप्टिडोग्लायकनचे बारीक तुकडे रक्तात फिरत असतात, आणि ते थेट सायर-१ ला जाऊन चिकटतात. म्हणजे बुरशी आपल्या शरीरातल्या जिवाणूंची चाहूल घेऊन रूप ठरवते. कार्बन डायऑक्साइडपासून बनणारं बायकार्बोनेटही याच सायर-१ ला जागं करतं.

इथेच माध्यमाची एक चूक लपलेली असते. बायकार्बोनेट असलेलं आरपीएमआय (पेशी वाढवण्याचं तयार माध्यम) ५ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरसाठी असतं. ते साध्या इनक्युबेटरमध्ये ठेवलं तर त्यातला वायू उडून जातो, पीएच चढतो, आणि तुम्ही एका प्रयोगात दोन गोष्टी बदललेल्या असतात. साधा इनक्युबेटरच असेल तर मॉप्स बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रव्य) घातलेलं, पीएच ७ चं आरपीएमआय घ्या. आम्लधर्मी माध्यमात यीस्ट रूप टिकतं, भरपूर ग्लुकोजही तंतूंना अडवतो. उलट ग्लुकोज नसेल आणि अमिनो आम्लं असतील तर बुरशी ती खाऊन अमोनिया सोडते आणि माध्यमाचा पीएच स्वतःच वाढवते. म्हणून पीएच सुरुवातीला मोजला तसा शेवटीही मोजा.

उशिरा पाहणं आणि गळ्याकडे न पाहणं

दोन ते तीन तासांत स्लाइड बघा. त्यापुढे कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिससारख्या जातीही लांबट होऊ लागतात. खऱ्या जर्म ट्यूबच्या मुळाशी, आईपेशीला लागून, आवळलेपण नसतं. बाजू समांतर, रुंदी सुमारे २ मायक्रोमीटर. मुळाशी चिमटा दिसला तर ती सूडोहायफा, म्हणजे खोटा तंतू. ४० च्या लेन्सखाली फोकस वरखाली करत पाहा, एका नजरेत ठरवू नका. प्रत्येक वेळी अल्बिकन्स आणि ट्रॉपिकॅलिस असे दोन्ही कंट्रोल लावा. कॅन्डिडा डब्लिनिएन्सिसलाही जर्म ट्यूब येते, आणि अनेक औषधांना दाद न देणाऱ्या कॅन्डिडा ऑरिसला येत नाही. त्यामुळे ‘नकारात्मक, म्हणजे फारसं गंभीर नाही’ असा निष्कर्ष वॉर्डात पाठवणं धोक्याचं आहे.

तंतू म्हणजे रोग, यीस्ट म्हणजे निरुपद्रवी

हे समीकरण तोंडी परीक्षेत हमखास ऐकू येतं. १९९७ मध्ये ईएफजी-१ आणि सीपीएच-१ ही दोन्ही जनुकं काढलेला, तंतू न करणारा वाण उंदरांना मारू शकला नाही, त्याने ते आणखी पक्कं झालं. पण २००३ मध्ये एनआरजी-१ वर बाहेरून ताबा ठेवून केलेला प्रयोग बघा. यीस्ट रूपात अडकवलेली बुरशी उंदरांच्या अवयवांत भरपूर पसरली, उंदीर मात्र जगले. तंतू करायची मुभा मिळाली तेव्हा ते मेले. पसरण्यासाठी यीस्टही कामाचं, इजेसाठी तंतू. ही इजा करणारं मुख्य शस्त्र, कॅन्डिडालायसिन, २०१६ मध्ये सापडलं. ३१ अमिनो आम्लांचं हे पेप्टाइड तंतूच सोडतात.

हिस्टोप्लाझ्मा या दुसऱ्या बुरशीमध्ये तर सगळं उलट आहे. मातीत २५ अंशांना तंतू, फुप्फुसात ३७ अंशांना यीस्ट, आणि रोग करणारं रूप यीस्टच. तापमान चढताच तिचं श्वसन आणि एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) कोसळतं, आणि सिस्टीनसारखं सल्फहायड्रिल संयुग मिळालं तरच श्वसन पुन्हा सुरू होऊन रूपांतर पुरं होतं. कॅन्डिडाचे नियम तिला लावू नका. आणि एखाद्या रुग्णाच्या नमुन्यातून संशयास्पद पांढरी-तपकिरी बुरशी हळूहळू वाढली असेल तर ‘३७ अंशांना यीस्ट होते का पाहू’ म्हणून ती प्लेट टेबलावर उघडू नका. तंतू रूपातले बीजाणू श्वासावाटे संसर्ग करतात, आणि हे काम तिसऱ्या जैवसुरक्षा स्तरावरच्या लॅबचं आहे. झाकण टेपने बंद करा, वर संशय स्पष्ट लिहा आणि तशी सोय असलेल्या संदर्भ प्रयोगशाळेला आधी फोन करून नमुना पाठवा.