लेकरांना वेळेवर जेवू घालून वेळेवर कसं निजवावं

रात्रीचे साडेदहा वाजले तरी लेकरू टक्क जागं, आणि सकाळी व्हॅनवाले काका खाली हॉर्न वाजवतात तेव्हा त्याच लेकराला अंथरुणातून उचलून बसवावं लागतं. आमच्या घरी हे दीड वर्ष चाललं. थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. अंगाई, तेलमालीश, दामटून निजवणं, सगळं करून झालं. चूक निघाली स्वयंपाकघरात. आमची मुलं रात्री नऊला जेवत होती, आणि भरल्या पोटी उड्या मारणारं मूल साडेनऊला झोपत नाही. म्हणून या लेखात जेवणाचं आधी आणि झोपेचं नंतर येईल.

आधी उलटं मोजा

मूल सकाळी किती वाजता उठायला हवं, ते कागदावर लिहा. आता वयाप्रमाणे झोप बघा: एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास. पाच वर्षांपर्यंतच्या आकड्यांत दुपारची झोपही धरलेली आहे.

आमचा धाकटा पावणेसातला उठतो आणि दुपारी तासभर झोपतो. त्याला अकरा तास मिळायचे तर रात्री पावणेनऊला डोळा लागायला हवा. अंथरुणात पडल्यावर झोप लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे साडेआठला तो गादीवर हवा. दात, कपडे, गोष्ट यांना अर्धा तास धरा, आणि जेवण त्याआधी उरकायला हवं. हिशेब करता करता ताट सात वाजता मांडावं लागतं असं दिसलं, तेव्हा मी स्वतःच दचकले होते.

पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनानं २०२४ मध्ये काढला. मुलांची झोप पुरी होत नाही, हेच त्यामागचं कारण होतं. शाळा उशिरा म्हणून झोपणंही उशिरा ढकललं, तर मिळालेला तास हातचा गेला. शिवाय आपल्याकडे उन्हामुळे उन्हाळ्यात शाळा पुन्हा सकाळच्या सत्रात जातात. तेव्हा हा कागद वर्षातून दोनदा नव्यानं लिहावा लागतो.

हा बदल हिवाळ्यात सुरू केला तर सोपा जातो. आमचं नागपूर पूर्वेकडे असल्यानं इथे मुंबईपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी सूर्य मावळतो आणि डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास अंधारून येतं. सातला जेवायला बसणं तेव्हा मुलांना आपसूक पटतं. जूनमध्ये सातपर्यंत उजेड असतो, तेव्हा पडदे ओढून घ्या.

दुपारची झोप आणि पाचचं खाणं

दुपारची झोप साडेतीनपर्यंत संपवा. पाचला उठलेलं मूल नऊला झोपणार नाही, त्यात त्याचा दोष नाही.

शाळेतून आल्यावर साडेचार-पाचला काहीतरी भरीव द्या: तूप-गूळ-पोळीचा लाडू, संत्र्याच्या दिवसांत सोललेलं संत्रं, दूध-केळं, थोडे पोहे. त्यानंतर सातपर्यंत फक्त पाणी. सहा वाजता हातात पडलेला बिस्किटाचा पुडा सातचं जेवण खाऊन टाकतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे फुटाणे किंवा शेंगदाणे देऊ नका, ते श्वासनळीत अडकतात. दाण्याचा कूट चालतो. चहाही नको, अगदी बशीतला घोटभरही. त्यातलं कॅफिन लहान अंगात बराच वेळ राहतं.

मुलांचं ताट घड्याळावर, बाबांवर नाही

हे सगळ्यात कठीण, म्हणून सविस्तर सांगते. हे नागपूरजवळच्या बुटीबोरीला, औद्योगिक वसाहतीत कामाला असतात. कंपनीची बस त्यांना आठ-सव्वाआठला घरी सोडते. सासूबाईंचं म्हणणं होतं, "बाप आल्याशिवाय लेकराच्या तोंडात घास कसा घालतेस?" त्यांच्या म्हणण्यातली माया मला कळत होती. मी त्यांना एवढंच म्हटलं, "आई, पंधरा दिवस करून बघू. नाही जमलं तर तुमचं खरं." आणि त्या मुलांसोबत सातला जेवायला लागल्या. ते फार उपयोगी पडलं, कारण मूल एकटं जेवत नाही. कुणीतरी मोठं माणूस त्याच वेळी, तेच अन्न, शेजारी बसून खात असलं पाहिजे. ज्या घरी आजी-आबा नाहीत, तिथे आईनं किंवा बाबांनी अर्धी भाकर का होईना, मुलांबरोबर खावी.

स्वयंपाक वेगळा करायची गरज नाही. आपलं वऱ्हाडी जेवण तिखट, म्हणून मुलांचं आधी बाजूला काढायचं. तुरीचं वरण शिजलं, हळद-मीठ-हिंग पडलं की दोन वाट्या काढून घ्या, मग उरलेल्याला लसूण-मिरचीची फोडणी द्या. वांग्याच्या भाजीतल्या फोडी रश्श्यात तिखट पडण्याआधी काढा. कढी-गोळ्यातले दोन गोळे बिनमिरचीचे वळा. सांबार, म्हणजे कोथिंबीर, मात्र भरपूर पडू द्या, हिरवं दिसायची सवय लागते.

ताटात एक गोष्ट अशी ठेवा जी मूल हमखास खातं. आमच्याकडे ती म्हणजे गरम वरण-भात, वर तूप, वर लिंबू. त्याच्या कडेला नवी भाजी दोन चमचे, तेवढीच. धाकट्यानं दोडका पहिल्या दिवशी बोटानं ढकलला. चौथ्या-पाचव्या वेळी वास घेतला, पुढे एकदा चाटून ठेवला, आणि मग एके दिवशी आजी पोळी कुस्करत होती, तिच्या वाटीतून त्यानं स्वतः एक फोड उचलली. मी तिकडे बघितलंच नाही, भात वाढत राहिले. मुलाला नवी चव पटायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच "याला आवडत नाही" म्हणून सोडून देतो.

काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे आपण ठरवायचं. त्यातलं किती खायचं, हे मुलानं. "आणखी एक घास, माझ्यासाठी" हे मी बंद केलं. चिऊ-काऊचा घास दीड वर्षाच्या बाळाला ठीक आहे. चार वर्षांच्या मुलाला आपलं पोट भरलं हे कळतं, ते आपण विसरायला लावू नये. पंचवीस मिनिटांनी ताट उचला, भरलेलं असलं तरी. पुढचं खाणं सकाळी, किंवा झोपण्याआधी अर्धी वाटी दूध. पहिले दोन-तीन दिवस जीव तुटतो. निरोगी मूल एका रात्री कमी जेवल्यानं खंगत नाही.

आणि मोबाईल नको. व्हिडिओ बघत खाणारं मूल तोंड उघडतं, पण जेवत नाही.

बाबा आल्यावर

"बाबा येऊन राहिले!" म्हणून दोघं दारात धावायची आणि पुढचा तासभर गादीवर कुस्ती चालायची. लेकरांना दिवसात तेवढाच बाप मिळतो, म्हणून मला रागावताही येईना. शेवटी झोपेआधीचा अख्खा अर्धा तास आम्ही त्यांनाच देऊन टाकला. ते हात-पाय धुऊन येतात, दोघांचे दात घासून देतात, कपडे बदलतात, गोष्ट सांगतात. कुस्ती रविवारी सकाळी. मुलं निजल्यावर आम्ही दोघं जेवतो. एकत्र जेवायचं राहून जातं असं वाटत असेल, तर रविवारी आणि सणाच्या दिवशी सगळ्यांचं ताट एकाच पंगतीत, सातलाच.

झोपेआधीचा तास

आठला घरातले मोठे दिवे बंद करा, एक पिवळा दिवा पुरे. उजेड डोळ्यांवर असेपर्यंत शरीर झोप आणणारं संप्रेरक, मेलाटोनिन, आवरून धरतं. त्यात मोबाईल अगदी डोळ्यांजवळ असतो. दोन वर्षांखालच्या मुलांना मोबाईल-टीव्हीचा पडदा नकोच आणि दोन ते पाच वयात दिवसाला एका तासाहून अधिक नको, हे बालरोगतज्ज्ञांचं सांगणं आहे. तो तासही संध्याकाळच्या खाण्याआधी संपवावा. आजींची मालिका हा नाजूक विषय. आमच्याकडे ती आता दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागते तेव्हा बघतात.

क्रम रोज एकच ठेवा: अंग धुणं, दूध, दात, शू, गोष्ट, दिवा. दुधानंतर दात, उलटं नाही. दुधाची बाटली तोंडात ठेवून निजवू नका, पुढचे दात किडतात. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी.

मे महिन्यात आपल्याकडे खोलीच झोपू देत नाही. कूलर मूल झोपण्याआधी अर्धा तास लावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. आत आलेली दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर गार करत नाही, नुसतं चिकट होतं. मुलाच्या तोंडावर सरळ झोत नको. पाऊस सुरू झाला की बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा कूलरचं पाणी बंद करून पंखाच बरा. पाणी भरताना प्लग काढा, आणि मुलांना चालू कूलरला हात लावू देऊ नका. दर उन्हाळ्यात यानं जीव जातात.

दिवा गेल्यावर

"पाणी हवं." "शू आली." "आई, एकच सांगायचंय." मूल उठून येणारच. त्याला हात धरून परत न्या आणि रोज तेच वाक्य म्हणा, त्याच आवाजात. आमचं वाक्य आहे, "आता झोपायची वेळ, सकाळी बोलू." रागावू नका, नवी गोष्टही सुरू करू नका. पहिल्या रात्री धाकटा नऊ वेळा उठला. बाराव्या रात्री एकदाच, आणि पांघरूण मागायला.

सुट्टी, लग्नं, शाळेचा पहिला दिवस

उन्हाळ्याच्या सुट्टीत झोप अकरावर गेली असेल तर ती एका दिवसात नऊवर येत नाही. दर दोन दिवसांनी जेवण आणि झोप दोन्ही पंधरा मिनिटं अलीकडे आणा. दोन तासांना सोळा दिवस लागतात. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, म्हणून ७ जूनच्या आसपास सुरुवात करा. लग्नात, कोजागिरीला जागरण होऊ द्या. दुसऱ्या दिवशी मात्र नेहमीपेक्षा तासाभराहून जास्त झोपू देऊ नका, नाहीतर ती रात्रही हातची जाते.

महिनाभर सगळं नेमानं करूनही झोप लागत नसेल, मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना आठवडाभराच्या जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा लिहिलेला कागद सोबत न्या. डॉक्टर आधी तेच विचारतात.