स्मार्ट स्पीकरच्या उजेडाचा रंग न बघता प्लग काढू नका: या चुका टाळा

माझी आई इंदूरला रामबागेत एकटी राहते. ताईने पुण्याहून तिला अ‍ॅमेझॉनचा एको डॉट हा स्मार्ट स्पीकर पाठवला, तो मी लावून दिला आणि सकाळी स्तोत्रं, दुपारी जुनी नाट्यगीतं, संध्याकाळी ताईशी गप्पा असा तिचा क्रम छान बसला. मग एक दिवस तो 'बोलेनासा झाला'. आईने प्लग काढला आणि स्पीकर रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा म्हणाली, "अरे, लाल लाल कडं आलं होतं त्याला. म्हटलं जळतंय की काय!"

जळत काहीच नव्हतं. धूळ पुसताना वरचं माइकचं बटण दाबलं गेलं होतं. सलग लाल कडं म्हणजे माइक बंद, इतकंच. तेच बटण पुन्हा दाबलं की लाल जातं आणि स्पीकर ऐकू लागतो. आठ दिवस घर मुकं राहिलं, कारण लावून देताना मी तिला गाणं कसं मागायचं ते शिकवलं, रंगांचं एका शब्दाने सांगितलं नाही. आईवडिलांना स्पीकर देणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक हीच असते.

दुसरी चूक पिवळ्या आणि नारिंगी रंगाच्या गल्लतीची. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना हे दोन रंग वेगळे दिसणं कठीणच. म्हणून मी आता रंगाच्या आधी हालचाल बघायला सांगतो. पिवळा उजेड श्वास घेतल्यासारखा हळूहळू कमी-जास्त होतो. त्याचा अर्थ निरोप किंवा सूचना आली आहे, बिघाड नाही. अलेक्साला, म्हणजे एकोमधून बोलणाऱ्या मदतनिसाला, 2019 पासून हिंदी येतं आणि इंदूरच्या मराठी घरात हिंदीची अडचण कोणालाच नसते, तेव्हा "अलेक्सा, मेरे नोटिफिकेशन बताओ" म्हटलं की ती वाचून दाखवते आणि उजेड विझतो. बहुतेक वेळा निरोप पार्सलचा असतो. रोज त्रास होत असेल तर मोबाइलवरच्या अलेक्साच्या अ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स इथे जाऊन खरेदीच्या सूचना बंद करा.

नारिंगी मात्र गोल फिरतो. स्पीकर इंटरनेट शोधतोय किंवा सेटअपमध्ये आहे असा त्याचा अर्थ. आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, विशेषतः पावसाळ्यात. लाइट जाते, येते. स्पीकर लगेच जागा होतो, पण राउटरला पूर्ण सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात माणसं घाबरून स्पीकर रीसेट करून टाकतात. करू नका. पाच मिनिटं थांबा, मोबाइलवर घरचंच वायफाय चालतंय का बघा, नसेल तर राउटर बंद करून चालू करा. स्पीकरला शेवटी हात लावा. घरात इन्व्हर्टर असेल तर राउटरही त्याच्यावरच घ्या, निम्मी कटकट तिथेच संपते.

इंटरनेटवाला बदलला की हेच नारिंगी चक्र हमखास दिसतं. नवीन राउटर बसवायला माणूस येईल तेव्हा त्याच्याकडून वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवून घ्या, अक्षरन् अक्षर तोच. मग स्पीकर सहसा आपणहून जोडला जातो. एवढी एक गोष्ट आधी कळली असती तर सुदामानगरच्या काकूंकडे मी रविवारची अख्खी सकाळ घालवली नसती.

हिरवा उजेड लुकलुकला तर फोन आलाय, फिरत राहिला तर बोलणं चालू आहे. इथे जपायला हवं, कारण ड्रॉप-इनची परवानगी दिलेला माणूस तुम्ही न उचलताही थेट जोडला जातो. लांब राहणाऱ्या मुलांना त्याचा फार आधार वाटतो आणि तो खराही आहे, पण ही परवानगी घरच्या दोन-तीन माणसांपुरतीच असावी आणि आईला ते आधी सांगितलेलं असावं.

बोलून झाल्यावर क्षणभर जांभळा चमकला तर 'डू नॉट डिस्टर्ब' चालू आहे. गजर आणि टायमर तरीही वाजतात, तेव्हा औषधाच्या गजराची काळजी नको. पांढरा म्हणजे आवाज कमी-जास्त होतोय. निळा म्हणजे ऐकतोय. उजेडच नसेल तर स्पीकर बंद आहे असं मात्र धरून चालू नका. तो हाकेची वाट बघत असतो. घरात खासगी बोलायचं असेल तर माइकचं बटणच दाबून लाल कडं आणायचं, अंधारावर विसंबायचं नाही.

एका कंपनीचे रंग दुसऱ्या कंपनीला लावणं ही चूकही मी बरीच पाहिली. गूगलच्या नेस्ट मिनीवर कडं नसतं, चार ठिपके असतात, आणि ते नारिंगी झाले तर माइक बंद आहे. एकोवर ज्या रंगाला इंटरनेट शोधायचं, त्याच रंगाला इथे वायरजवळची सरकपट्टी तपासायची. शेजारच्यांचा सल्ला ऐकण्याआधी त्यांच्याकडे कोणता स्पीकर आहे ते विचारा.

जागाही बघून ठेवा. एको डॉटच्या तिसऱ्या पिढीत कडं वर होतं, चौथ्यापासून ते तळाशी गेलं. आरती ऐकायची म्हणून आपण स्पीकर देव्हाऱ्याजवळ उंच फळीवर ठेवतो, मग तिसऱ्या पिढीचा उजेड खालून दिसतच नाही. डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. तळाशी कडं असेल तर खाली फिकट कापड किंवा पाट असू द्या, त्यावर रंग स्वच्छ उमटतो.

आणि रीसेट. एकोवर ठिपक्याचं बटण वीस-पंचवीस सेकंद दाबून ठेवलं की होतो, पण त्यात वायफाय आणि सगळी मांडणी जाते, पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. म्हणून आईच्या स्पीकरशेजारी मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: लाल, तर बटण दाब. पिवळा, तर निरोप विचार. फिरणारा नारिंगी, तर चहा ठेव. चहा होईस्तोवर गेला नाही, तर मला फोन कर.