तांत्रिक विषयाचा व्हिडिओ: आधी आवाज, मग पडदा

संगणकावरची एखादी गोष्ट शिकवणारा व्हिडिओ करायचा म्हटले की पहिला सल्ला मिळतो तो महागडा मायक्रोफोन घेण्याचा. तो सल्ला खुशाल बाजूला ठेवावा. थोडे अंधूक चित्र प्रेक्षक चालवून घेतो, पण घुमणारा आवाज त्याला मिनिटभरही सोसत नाही, आणि आवाज घुमतो तो बहुधा मोकळ्या भिंतींच्या खोलीमुळे.

एका व्हिडिओत एकच काम शिकवावे. संहिता लिहून मोठ्याने वाचावी आणि जीभ अडखळेल ते वाक्य तोडावे.

खरी कसोटी निवेदनाची. संगणकाचा पडदा (स्क्रीन) रेकॉर्ड करता करताच बोलावे, म्हणजे बोलणे सहज वाटते, असे सर्रास सांगितले जाते. मला ते मुळीच पटत नाही. एका हाताने माउस फिरवत आणि डोळ्यांनी मेनू शोधत बोलणारा माणूस ‘आता इथे, म्हणजे, हे बघा’ असे चाचपडू लागतो, आणि ते कापायला जावे तर चित्रही तुटते. म्हणून निवेदन आधी आणि स्वतंत्र रेकॉर्ड करावे. त्यासाठी पडदे, गाद्या, कपडे असलेली लहान खोली निवडावी, पंखा बंद करावा आणि मायक्रोफोन तोंडापासून साधारण 15 सेंटिमीटरवर, किंचित बाजूला ठेवावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा झोत थेट त्यावर आदळत नाही. रेकॉर्डिंगच्या पातळी-मापकावर सर्वांत चढा स्वरही उणे 6 डेसिबलच्या खालीच राहू द्यावा, कारण शून्याला, म्हणजे मापकाच्या कमाल पातळीला, भिडून फाटलेला आवाज पुन्हा धड होत नाही. चुकल्यास रेकॉर्डिंग थांबवू नये. टाळी वाजवून ते वाक्य पहिल्या शब्दापासून म्हणावे. संपादन करताना आवाजाच्या आलेखात टाळीचा सुळका लगेच नजरेत भरतो.

बोलण्यापूर्वी पाच सेकंद गप्प राहावे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममधील नॉइज रिडक्शनला, म्हणजे गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला, त्या शांततेचाच नमुना द्यावा लागतो. मात्र ते बेताने वापरावे, नाहीतर आवाज धातूसारखा किणकिणतो. शिवाय त्याने एकसारखी घरघर कमी होते, घुमारा जात नाही, कारण तो आपल्याच आवाजाचा पडसाद असतो.

आता हेडफोनवर निवेदन ऐकत ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये पडदा रेकॉर्ड करावा. त्यापूर्वी अक्षरे मोठी करावीत आणि मध्येच उगवणाऱ्या सूचना (नोटिफिकेशन) बंद कराव्यात. ‘एक्स्पोर्ट निवडा’ हे शब्द कानावर पडतील तेव्हा कर्सर त्या पर्यायावर पोहोचलेला असावा. चित्र अपुरे पडले तर शेवटची चौकट (फ्रेम) गोठवावी, पण आवाज ताणू नये. तयार व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर एकदा ऐकावा आणि पार्श्वसंगीतामुळे एखादा शब्द जरी बुडत असेल, तर ते संगीत सरळ काढून टाकावे.