उपचार चालू असताना स्पर्श आणि प्रार्थना: घरच्यांनी काय करावे

घरातल्या माणसाची कर्करोगासाठी केमोथेरपी सुरू झाली की कोणीतरी त्याचे पाय चेपू लागते, कोणी नवस बोलते आणि कोणी ओळखीच्या रेकी (हात ठेवून ‘ऊर्जा’ देण्याची पद्धत) देणाऱ्याचा पत्ता आणून देते. यांतल्या कशालाही सरसकट बंदी घालण्याचे कारण नाही. मात्र स्पर्शाचा आणि उपासनेचा उपयोग आजारी माणसाला होतो, त्याच्या गाठीला होत नाही, हे मनाशी पक्के करूनच सुरुवात करावी. भीती, एकटेपणा, उडालेली झोप आणि वेदनेने आलेला चिडचिडेपणा हे या सेवेचे क्षेत्र आहे आणि ते लहान नाही. १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस (असाध्य आजाराच्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स यांनी वेदनेचे शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक असे चार पदर सांगितले होते. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हेही त्याच विचाराच्या वाटेवरचे आहे.

सुरुवात डॉक्टरांच्या किंवा परिचारिकेच्या परवानगीने करावी. प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) कमी आहेत का, पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका आहे का, हाडात आजार पसरला आहे का आणि कोणत्या भागाला हात लावू नये, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. प्लेटलेट कमी असताना साध्या चेपण्यानेही अंगावर काळेनिळे डाग उठतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल, तर ती अजिबात चोळू नये आणि त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावी. आपल्याकडे नेमक्या अशाच पायाला तेल लावून रगडण्याची सवय आहे, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते. रेडिएशन चालू असलेल्या जागेवर डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज तेल, हळद, चंदन असे काहीही लावू नये. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात सुजला असेल, तर तो दाबू नये.

यानंतर रुग्णाला विचारावे, आणि प्रत्येक वेळी नव्याने विचारावे. मळमळत असताना काहींना कोणाचा हातही नकोसा होतो. सासूबाईंना सुनेकडून पाय चेपून घेताना संकोच वाटत असेल, तर त्या ‘नको गं’ म्हणतील. त्यावर आग्रह धरू नये.

प्रत्यक्ष स्पर्शासाठी कोणतीही विद्या लागत नाही. हात साबणाने धुऊन कोमट करावेत, अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवाव्यात, दूरदर्शन बंद करावा आणि रुग्णाच्या शेजारी, त्याला मान वळवावी लागणार नाही अशा जागी बसावे. सलाईनची सुई किंवा केमोपोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली छोटी डबी) असलेली बाजू सोडून द्यावी. आधी तळहात नुसता त्याच्या हातावर ठेवावा आणि श्वास संथ होईपर्यंत थांबावे. मग कोपरापासून मनगटापर्यंत, दाब न देता, हात हळूहळू खाली न्यावा. आपल्या लव असलेल्या त्वचेत असे मज्जातंतू आहेत की जे सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला उत्तम प्रतिसाद देतात. कोपर ते मनगट हे अंतर सात-आठ सेकंदांत पार करावे, इतका तो वेग संथ आहे; बहुतेक जण घाईने याच्या कितीतरी पट वेगाने हात फिरवतात. केमोमुळे पायांना मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा असेल, तर तेलाची ऊब स्वतःच्या मनगटावर तपासूनच लावावी, कारण बधिर तळव्याला चटका कळत नाही.

रेकी ही पद्धत जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केली. रुग्ण कपड्यांसह निजलेला असतो आणि देणारा हात हलके ठेवतो किंवा थोड्या अंतरावर धरतो. त्या शांत वेळाने पुष्कळांना बरे वाटते. हातातून ऊर्जा वाहते, या दाव्याला मात्र पुरावा नाही. ‘थेराप्युटिक टच’ या अशाच पद्धतीच्या २१ उपचारकांची एमिली रोझा या अमेरिकन मुलीने साध्या प्रयोगात परीक्षा घेतली होती. पडद्याआडून आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे, हे त्यांना केवळ ४४ टक्के वेळा अचूक सांगता आले. नुसत्या अंदाजाने ५० टक्के आले असते. हा प्रयोग १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणून रेकी घ्यायचीच असेल, तर विश्रांती म्हणून घ्यावी. गोळ्या कमी करा असे सांगणारा, बरे करण्याची हमी देणारा किंवा मोठी रक्कम आगाऊ मागणारा माणूस घरात घेऊ नये. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.

प्रार्थना रुग्णाच्या सवयीची असावी. ज्याने आयुष्यभर हरिपाठ म्हटला त्याच्यासोबत हरिपाठ म्हणावा, रोझरी (ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना) म्हणणाऱ्यासोबत रोझरी म्हणावी, आणि श्रद्धा नसलेल्याजवळ गप्प बसावे. ‘तुझी श्रद्धा कमी पडली’ हे वाक्य आजारी माणसापुढे कोणीही उच्चारू नये. त्याच्यावर याहून क्रूर ओझे टाकता येणार नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना तीर्थ, कच्च्या दुधाचे पंचामृत आणि अंगारा तोंडात देऊ नये. अंगारा कपाळाला लावावा, प्रसाद घरी ताजा शिजवून द्यावा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा कापूर लावू नये, कारण आग भडकते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपवास धरू नये.

वेदनाशामकाची वेळ झाली की पाठ अर्धा राहिला तरी चालेल, आधी औषध द्यावे. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइटपर्यंत गेला, तर दृष्ट काढण्यात किंवा सकाळची वाट पाहण्यात वेळ न दवडता रात्रीसुद्धा रुग्णालयाला फोन करावा; तो क्रमांक देवघराजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.