बोटाचं हाड मोडलंय? तार, स्क्रू की प्लेट ठरवताना या चुका टाळा

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत प्रेस मशीनखाली बोट सापडो की मैदानात चेंडू लागो, घरचे आधी विचारतात, 'प्लेटच (हाडावर स्क्रूनं बसवायची धातूची पट्टी) टाकायची ना?' महाग ते पक्कं, ही समजूत. पण बोटाच्या मागच्या बाजूला हाडाला लागूनच बोट सरळ करणारी शीर (टेंडन, रक्ताची नव्हे) असते. प्लेटसाठी तिथं चीर दिली की ही शीर खाली चिकटू शकते. मग हाड जुळतं, पण मूठ वळत नाही. हाडाचा चुरा झाला असेल किंवा तुकडा गेला असेल, तर प्लेटला पर्याय कमीच. साध्या मोडीला मात्र तिचा हट्ट नको.

तार साधारण १ ते १.२ मिमी जाड असते, बहुतेकदा चीर न देता कातडीतून घालतात. ती तुकडे धरून ठेवते, आवळत नाही. टोक बाहेर असेल तर ३-४ आठवड्यांनी ओपीडीतच निघते. तोवर ते कोरडं हवं. नागपुरी मे महिन्यात घाम आणि कूलरचे तुषार पट्टी ओली करतात, तिथूनच पू होतो. ओली पट्टी त्याच दिवशी बदलून घ्या.

नुसते स्क्रू लांब तिरक्या मोडीला. मोडीची लांबी हाडाच्या जाडीच्या दुप्पट तरी हवी. आखूड मोडीत स्क्रू आवळताना हाडाचं टोक फुटतं. आडव्या मोडीला हाडाच्या पोकळीतून जाणारा बिनडोक्याचा स्क्रू चालतो (नाव तसं, काम हुशारीचं). चुऱ्यात तोच आवळला तर बोट आखूड होतं.

सगळ्यात महागात पडते ती पीळ (मोडलेला तुकडा स्वतःभोवती फिरून बसणं) न तपासण्याची चूक. एक्स-रे सरळ दिसतो, पण मूठ वळवताच बोट शेजारच्यावर चढतं. तळहाताच्या हाडातला ५ अंशांचा पीळ बोटाच्या टोकाशी सुमारे दीड सेंटीमीटर होतो. म्हणून ऑपरेशनच्या टेबलावरच मनगट मागे वाकवून बोटं मिटवून पाहायची; सगळी अंगठ्याच्या मुळाकडे वळली पाहिजेत. जुळल्यावर पीळ काढायचा तर हाड पुन्हा कापावं लागतं.

स्लॅबमध्ये (एका बाजूच्या प्लास्टरमध्ये) बोटं मुळाशी ७० ते ९० अंश वाकलेली, पुढचे सांधे सरळ. पंजा सपाट बांधला तर मुळाचे सांधे आखडतात. एक्स-रेत रेघ दिसते म्हणून महिनोन्‌महिने बांधून ठेवू नका; हाड दाबून दुखत नसलं तरी ती दिसतच राहते. मोकळी बोटं पहिल्या दिवसापासून हलवा. तेल चोळणाऱ्याकडे मात्र तार असेपर्यंत फिरकू नका.