गोव्याच्या दमट हवेत धावण्याचा सराव टिकवताना

गोव्यात धावायला सुरुवात करणाऱ्या अनेकांचा सराव दुसऱ्या महिन्यात बंद पडतो आणि त्याचे खापर ते स्वतःच्या आळसावर फोडतात. नव्या मंडळींसोबत धावताना मला कारण निराळे दिसले आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारू लागतात, दम पुरू लागतो आणि वेग वाढवण्याचा मोह होतो. पण हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना त्याच भाराशी जुळवून घेण्यासाठी कित्येक महिने लागतात. नडगीचे आणि टाचेमागचे दुखणे बहुधा या तफावतीतूनच सुरू होते. म्हणून पहिले तीन-चार महिने आपल्याला जमेल त्यापेक्षा कमी धावावे, असे मी आग्रहाने सांगतो.

कमी म्हणजे किती, हे घड्याळ सांगत नाही, श्वास सांगतो. धावता धावता सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग कमी करावा, गरज पडल्यास चालावे. हा सल्ला केवळ नवशिक्यांसाठी आहे असे मानण्याचे कारण नाही. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी पीटर स्नेल या ८०० मीटरच्या धावपटूकडूनही आधी आठवड्याला सुमारे १०० मैलांचा पाया घालून घेतला, आणि स्नेलने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले. दोन मिनिटांहून कमी वेळात संपणाऱ्या शर्यतीसाठी इतका लांब पल्ला धावावा लागत असेल, तर दहा किलोमीटरचे स्वप्न पाहणाऱ्याने सावकाश धावण्याचा कंटाळा करू नये.

आपल्या हवेत तर याची गरज अधिकच आहे. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, तो वाळल्याने होते. आणि किनारपट्टीच्या दमट हवेत तो वाळतच नाही. त्वचेकडे जास्त रक्त वळवावे लागल्यामुळे त्याच वेगाला हृदयाचे ठोके वाढतात. थंडीत पुण्याला धावणाऱ्या मित्राचा वेग एप्रिलमध्ये पणजीत गाठू पाहणे म्हणूनच निरर्थक आहे. उष्णतेची सवय साधारण १० ते १४ दिवसांत होते: घाम लवकर सुटू लागतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते. मात्र दोन-तीन आठवडे वातानुकूलित खोलीत बसून काढले की ही सवय बरीचशी ओसरते. पहाटे, ऊन चढण्याआधी धावणे हाच येथला व्यवहार्य मार्ग आहे.

वाळूविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण मिरामार जवळ असल्याने बहुतेक जण तेथेच सुरुवात करतात. मऊ वाळूत धावण्यासाठी कठीण जमिनीच्या तुलनेत सुमारे दीडपटीहून अधिक ऊर्जा लागते आणि पोटऱ्यांवर मोठा ताण येतो. त्यामुळे ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या ओल्या, घट्ट वाळूवर धावावे. भरती-ओहोटीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा आठवड्याचा बेत आखताना ती पाहून ठेवावी. किनारा समुद्राकडे उतरता असतो आणि एका पायावर जास्त भार पडतो. जितके अंतर जाल तितकेच त्याच रेषेवरून परत यावे, म्हणजे बाजू पालटते.

पाया घातल्यावर आठवड्यातून एकच दिवस वेगाचा ठेवावा. एमिल झाटोपेक यांनी ४०० मीटरच्या असंख्य फेऱ्या मारून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदके मिळवली, हे ऐकून नवखे थेट बांबोळीच्या ट्रॅकवर जातात. त्याआधी फार्टलेक करावे, असे मला वाटते. १९३० च्या दशकात स्वीडनच्या गोस्टा होल्मेर यांनी रुळवलेल्या या पद्धतीत वेग मनाप्रमाणे बदलायचा असतो. मिरामार ते दोना पावल रस्त्यावर विजेच्या दोन खांबांमध्ये जोराने धावावे, पुढच्या तीन खांबांपर्यंत सावकाश.

खरी कसोटी जून ते सप्टेंबरची. धो धो पावसात रस्त्यावर धावण्याचा हट्ट सुरक्षित नाही, म्हणून हे महिने मी ताकदीच्या व्यायामासाठी राखून ठेवतो. घराच्या पायरीवर एका पायाने टाच उचलणे, बैठका, पुढे पाऊल टाकून गुडघा वाकवणे एवढे आठवड्यातून दोनदा केले तरी कंडरा बळकट होतात. पाऊस उघडला की आल्तिनोचा चढ थोड्या थोड्या टप्प्यांत चढावा. चढावर वेग आपोआप आवरतो आणि पावलांवरचा आघातही कमी असतो.

चवथीच्या दिवसांत सराव सुटणारच, तो सुटू द्यावा. त्यानंतर बुडालेले किलोमीटर भरून काढण्यासाठी एकदम लांब पल्ला धावू नये. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्मेच अंतर सावकाश धावावे, दुसऱ्या आठवड्यात थोडे वाढवावे आणि वेगाचा दिवस तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुढे ढकलावा.