एसडीच्या सवयी एचडीत नडतात: या चुका टाळा

जुन्या एसडी (स्टँडर्ड डेफिनिशन) ऐवजी ‘यापुढे कार्यक्रम एचडीतच (हाय डेफिनिशन) द्या’ असा चॅनेलचा निरोप आला की निर्माता आधी कॅमेरा बघायला निघतो. कॅमेरा येतो आणि मग एकेक गोष्ट उघडी पडते. लेन्स जुनीच आहे, एडिटचं मशीन नव्या फाइलपुढे धापा टाकतंय, आणि चॅनेलला हवा तो फॉरमॅट या कॅमेऱ्यात नाहीच! म्हणून खरेदी सर्वांत शेवटी. आधी चॅनेलची तांत्रिक मागणी लेखी मिळवा: १०८०आय की ७२०पी (आकडा चित्रातल्या ओळींचा; ‘आय’ म्हणजे ओळी दोन हप्त्यांत, ‘पी’ म्हणजे सगळ्या एकदम), सेकंदाला २५ फ्रेम की २९.९७, कोडेक (फाइल लहान करायची पद्धत) कोणता, आवाजाची पातळी किती. मग मागे मागे येत एडिट, साठवण, चित्रीकरण ठरवा.

फोकस ‘बहुतेक ठीक’ असणं

पाल या भारतातल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या एसडी चौकटीत ७२० × ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू (पिक्सेल) असतात. १९२० × १०८० च्या एचडीत २०,७३,६००, म्हणजे बरोबर पाचपट. एसडीत झाकली जाणारी फोकसची चूक इथे लपत नाही. डोळ्यांऐवजी कानाच्या पाळीवर फोकस बसलेली मुलाखत कॅमेऱ्याच्या इवल्याशा स्क्रीनवर छान दिसते आणि एडिटच्या टेबलावर रडवते. ती सॉफ्टवेअरने नीट दुरुस्त होईल असं समजू नका. पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) सुरू ठेवा, चित्र मोठं करून तपासा, सेटवर पूर्ण रिझोल्यूशनचा एक तरी मॉनिटर ठेवा. झूम केल्यावर स्पष्ट आणि वाइड केल्यावर धूसर असं होत असेल, तर दोष कॅमेरामनचा नाही, बॅक फोकस (लेन्स आणि सेन्सरमधल्या अंतराची जुळणी) बिघडलाय.

उन्हात आयरिस (लेन्सचं छिद्र) अगदी बारीक करायची सवयही सोडा. २/३ इंची सेन्सरच्या एचडी कॅमेऱ्यात साधारण एफ/८ च्या पुढे (आकडा मोठा तितकं छिद्र लहान) विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्यामुळे, चित्र मऊ पडू लागतं. प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर त्यासाठीच असतो. कॅमेऱ्यातलं ‘डिटेल’ (कडा ठळक करणारी सेटिंग) वाढवून ही उणीव भरून काढू नका, चेहऱ्याभोवती पेन्सिलीने काढल्यासारखी कड येते.

सेट आणि मेकअपबद्दल एवढंच: रंगाचे ब्रशचे फराटे, कापडाच्या सुरकुत्या, जाड थरातला मेकअप आता सगळं दिसतं. बारीक चौकड्या पडद्यावर थरथरतात, तसा शर्ट घातलेल्या पाहुण्याला दुसरा शर्ट द्या.

जुनं फुटेज नुसतं ताणणं

चॅनेलकडून सर्वांत जास्त फाइली परत येतात त्या याच कारणाने. ४:३ चं चित्र १६:९ मध्ये ओढून बसवलं की माणसं एक तृतीयांशाने रुंद होतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणं हा प्रामाणिक मार्ग. वरून-खालून कापायचं असेल तर चौथा हिस्सा उंची जाते, तेव्हा प्रत्येक शॉट बघूनच कापा. नाहीतर कपाळ गेलेली माणसं बोलत राहतात.

दुसरा घोळ फील्डचा. इंटरलेस्ड (‘आय’वाल्या) चित्रात एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी विणलेल्या असतात, त्या प्रत्येक गटाला फील्ड म्हणतात. ती वीण न सोडवता चित्र मोठं केलं की ओळी एकमेकींत मिसळतात आणि हालचालीत कंगव्याचे दात किंवा दुहेरी कडा दिसतात. आधी डीइंटरलेस (वीण सोडवणं), मग आकार वाढवणं, गरज असेल तर पुन्हा इंटरलेस, हाच क्रम ठेवा. शिवाय एसडीच्या काळातल्या डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) टेपमध्ये खालचं फील्ड आधी येतं आणि १०८०आय मध्ये वरचं. ही अदलाबदल चुकली तर चालणारा माणूस पुढे-मागे थरथरतो. गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर हे बऱ्याचदा दिसतच नाही, इंटरलेस्ड आउटपुट मॉनिटरवरच सापडतं. उपाय म्हणून टाइमलाइनची सेटिंग उलटी करू नका, बाकीचं नीट असलेलं सगळं बिघडेल. त्या क्लिपचाच फील्डक्रम नीट नोंदवा.

जुन्या टेपच्या वरच्या कडेला लुकलुकणाऱ्या पांढऱ्या तुटक रेघा दिसल्या, तर मशीन बिघडलंय असं समजू नका. मीही एकदा अख्खी दुपार केबल बदलण्यात घालवली होती. सिग्नलच्या त्या ओळींत टाइमकोड (फ्रेमची वेळ) किंवा कॅप्शनसारखी माहिती भरलेली असते. व्हीएचएसच्या तळाशी दिसणारा फाटका पट्टा टेप वाचणारं हेड बदलताना उमटतो. जुने टीव्ही कडा झाकायचे म्हणून हे कधी दिसलं नाही. चित्र किंचित मोठं करून कड कापली की काम झालं.

रंगही तपासा. एसडीचा रंगांचा हिशेब रेक. ६०१ या मानकाचा, एचडीचा रेक. ७०९ चा. रूपांतर न करता मिसळले तर त्वचेच्या आणि हिरव्या छटा सरकतात, आणि रंग जुळवणारा कलरिस्ट बिचारा एकेक शॉट सुधारत बसतो.

चौकट आणि अक्षरं

काही प्रेक्षकांना ४:३ कापलेलं चित्र जाणार आहे का, हे चॅनेलला विचारा. जाणार असेल, तर १९२० पैकी मधले १४४० बिंदूच त्यांना दिसतील. महत्त्वाचा माणूस आणि नावाची पट्टी त्यातच बसवा. तशी अट नसेल तर ईबीयूच्या (युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन) शिफारशीनुसार अक्षरं प्रत्येक कडेपासून ५ टक्के आत ठेवली की पुरतं. १०८०आय मध्ये एका बिंदूची आडवी रेघ लुकलुकते, ती निदान दोन बिंदूंची करा.

आवाज, केबल, साठवण

फक्त पीक मीटर (आवाजाची सर्वोच्च टोकं दाखवणारा) पाहून मिक्स केलेला आवाज हमखास परत येतो. ईबीयूच्या आर १२८ या शिफारशीत सरासरी लाउडनेस (कानाला जाणवणारी आवाजाची पातळी) −२३ एलयूएफएस लागतो, अमेरिकेतल्या एटीएससी या टीव्ही मानक संस्थेच्या नियमावलीत −२४ एलकेएफएस (एकक तेच, नाव वेगळं). ओठ आणि आवाज जुळत नसतील तर चित्राच्या वाटेत कुठला कन्व्हर्टर (सिग्नलचं रूप बदलणारं यंत्र) आहे ते आधी पाहा, तो फ्रेमभर उशीर सहज लावतो.

एसडी-एसडीआयचा (केबलमधून जाणाऱ्या डिजिटल सिग्नलचा) वेग सेकंदाला २७० मेगाबिट, एचडीचा १.४८५ गिगाबिट. जुनी लांब केबल हळूहळू खराब चित्र देत नाही. आधी चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके उडतात, मग एकदम काळोख. साठवणीचा हिशेब सोपा: ५० मेगाबिटचं चित्र तासाला सुमारे २२.५ जीबी खातं, आणि प्रत बनवायची असते म्हणून दुप्पट धरा.

पहिल्या भागाचं चित्रीकरण सुरू होण्याआधी दोन मिनिटांची चाचणी फाइल बनवून चॅनेलच्या क्यूसीकडे (दर्जा तपासणाऱ्यांकडे) पाठवा. तीत एक आडवा पॅन (कॅमेरा बाजूला फिरवलेला शॉट), एक मुलाखत, एक नावाची पट्टी, जुन्या टेपचा एक तुकडा आणि रंगपट्ट्यांसोबत टोन (तपासणीचा एकसुरी आवाज) असू द्या. आलेला शेरा कॅमेरामन, एडिटर आणि साउंडवाला अशा तिघांनाही एकत्र बसवून वाचायला द्या.